बर्म्युडा घालून बर्म्युडाला

आमच्याकडे 'क्रूझ' हा शब्द पहिल्यांदा निघाला तो जानेवारीत, दारातला बर्फ उपसताना. नवरा फावडं टेकवून म्हणाला, "या उन्हाळ्यात बोटीनं जाऊ या कुठंतरी." मी हो म्हटलं, कारण त्या क्षणी बर्फ नसलेली कुठलीही जागा मला चालली असती. खरं कारण मात्र दोघांनाही ठाऊक होतं, फक्त बोललं कोणी नाही. लेकीला मार्चमध्ये अठरा पूर्ण होणार होती आणि ऑगस्टच्या शेवटी ती मिशिगनला कॉलेजात जाणार होती. धाकटा सोळाचा. म्हणजे चौघांनी मिळून एका दारातून बाहेर पडून एकाच दारातून परत यायची ही बहुधा शेवटची सुट्टी.

आता गंमत बघा. लग्नाचा हॉल ठरवताना माणसं जेवढी मतं देत नाहीत तेवढी क्रूझबद्दल देतात. आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी क्रूझ केलेली आहे आणि प्रत्येकाची क्रूझ हीच खरी क्रूझ आहे. जाऊबाई म्हणाल्या, बाल्कनीशिवाय जाऊच नकोस, नाहीतर तळघरात राहिल्यासारखं वाटतं. एका मित्राचं म्हणणं, ड्रिंक पॅकेज घ्या, वसूल होतं. (चौघांतले दोघे अज्ञान आणि उरलेले दोघे एका बिअरवर पेंगणारे, तर वसूल कोण करणार?) पुण्याहून बहिणीचा फोन आला की एवढं लांब कशाला, २०२१ साली मुंबईहून कॉर्डेलिया सुरू झाली तेव्हा आम्ही गोवा करून आलो, मस्त गरबा होता, जेवण शुद्ध शाकाहारीसुद्धा मिळत होतं. तिची ती बोट 'एम्प्रेस' मुळात १९९० सालची, रॉयल कॅरिबियनकडून आलेली, हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग काय झालं, मीही त्याच्या आधीची आहे." यावर काय बोलणार!

आणि सासूबाई. त्या मालवणला असतात. त्यांना फोनवर सांगितलं की आम्ही बोटीनं फिरायला जातोय, तर त्या थोडा वेळ गप्पच. मग म्हणाल्या, "बोटीन मजा करूक कोण जाता गो?"

त्यांच्या दृष्टीनं प्रश्न अगदी रास्त. त्यांनी बोट पाहिली ती भाऊच्या धक्क्यावरची. वळकटी पसरून जागा धरायची, ट्रंकेवर पोराला बसवायचं, आणि वाऱ्यानं बोट हलायला लागली की डोळे मिटून आवळासुपारी चघळायची. बंदर आलं तरी बोट धक्क्याला लागायचीच असं नाही, खोल पाण्यात उभी राहायची, आणि पडावात उड्या मारून उतरायचं, लुगडं सावरत, पोर दुसऱ्याच्या हातात देऊन. पावसाळ्यात सगळं बंद. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बुडाली तेव्हा त्या लहान होत्या, पण त्यांच्या घरात त्या बोटीचं नाव अजूनही हळू आवाजात घेतात. सहाशेच्या वर माणसं गेली होती. मराठीत 'बोट लागणे' असा खास वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ बोट धक्क्याला लागणे एवढाच नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

असो. तर निवड.

धाकट्याला हवी होती 'आयकॉन ऑफ द सीज'. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेली, साडेसात हजारांवर माणसं मावणारी, वर घसरगुंड्यांचं आख्खं जंगल. त्याचा मुद्दा असा की एवढ्या मोठ्या बोटीवर कंटाळा येणं शक्यच नाही. माझा मुद्दा असा की एवढ्या मोठ्या बोटीवर एकमेकांची गाठ पडणं शक्य नाही. शिवाय मायामीपर्यंत चौघांची विमानाची तिकिटं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथून पाऊण तासावर बेयॉनचं बंदर आहे, २००४ पासून तिथून मोठ्या बोटी सुटतात, आणि मॅनहॅटनहूनही सुटतात. गाडी काढायची, बॅगा टाकायच्या, निघायचं. विमानतळावरची ती रांग आणि बॅगेतलं लोणचं काढून दाखवणं नाही. पहिल्या क्रूझला हे सुख मी वरच्या घसरगुंडीपेक्षा मोठं मानते.

तर बर्म्युडा ठरलं. पाच रात्री. एकच बंदर. लोक म्हणाले, एकच? पण मला तेच आवडलं. रोज सकाळी नवं बेट, रोज बसची रांग, रोज तेच टी-शर्टचं दुकान, याला मी सुट्टी म्हणत नाही, ती अष्टविनायक यात्रा झाली. बर्म्युडाला जायला दीड दिवस, तिथं बोट मुक्कामाला धक्क्यालाच उभी, यायला दीड दिवस. (नातेवाइकांनी ट्रँगलचे विनोद पाठवायला सुरुवात केली. एकूण अकरा आले. त्यातले सात एकच होते.)

आणि नावातली गंमत वेगळीच. आपल्याकडे बर्म्युडा म्हणजे गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, जी घालून बाबालोक रविवारी दूध आणायला जातात. धाकट्यानं जाहीर केलं की तो पाचही दिवस बर्म्युडाच घालणार. पुढे तिथं गेल्यावर कळलं की खुद्द बर्म्युडात बर्म्युडा हा कचेरीचा पोशाख आहे. वर कोट, टाय, खाली गुडघ्यापर्यंत मोजे आणि मध्ये कडक इस्त्रीची आखूड पॅंट. हॅमिल्टनच्या रस्त्यावर एक गृहस्थ असे ब्रीफकेस घेऊन चाललेले पाहिले आणि आमचे चिरंजीव त्यांच्यापुढे एकदम गबाळे दिसायला लागले. :-)

हा कपड्यांचा मुद्दा मी विनोदात सांगतेय, पण आमची निवड खरी अडली ती इथंच. आम्हाला हवी होती साधी, बिनबडेजावाची क्रूझ. आणि 'साधी' म्हणजे काय यावर घरात चार मतं होती.

नवऱ्याच्या मते साधी म्हणजे वेळेचं बंधन नसलेली. नॉर्वेजियन कंपनीनं २००० साली हा प्रकार काढला, 'फ्रीस्टाइल' म्हणतात. ठरलेलं टेबल नाही, ठरलेली वेळ नाही, सूट-बुटाची रात्र नाही. वाटेल तेव्हा वाटेल तिथं जेवा. आता बऱ्याच कंपन्या दोन्ही पर्याय ठेवतात: ठरलेलं टेबल घ्या, नाहीतर मोकळे फिरा. नवरा म्हणाला, वर्षभर घड्याळावर जगतो, तिथं तरी नको. ऐकायला अगदी पटण्यासारखं.

पण मी आठ दिवस विचार केला आणि उलट्या मतावर आले, आणि आता जाऊन आल्यावर ते आणखी पक्कं झालंय. पोरं लहान असतील तर मोकळं जेवण उत्तम. सहाला भूक लागली, सहाला चारा. पण पोरं सोळा-अठराची असतील तर ठरलेलं टेबलच घ्यावं. कारण या वयाची मुलं मोकळी सोडली की ती भेटतच नाहीत, आणि त्यांनी भेटू नये हेही बरोबरच आहे! रात्री दोनला झोपून बाराला उठणारी, चार वाजता पिझ्झा खाणारी मंडळी. 'वाटेल तेव्हा जेवा' म्हटलं तर त्यांना कधीच आपल्याबरोबर वाटणार नाही. आणि मग आपण त्यांच्या मागे 'कुठं आहेस, जेवलास का' असे निरोप पाठवत बसणार. त्यापेक्षा एक गोष्ट पक्की: रात्री आठ, अमुक टेबल, जीन्सवर आलात तरी चालेल, फोन खिशात. बाकीचे साडेबावीस तास तुमचे. मी विचारणार नाही.

नवरा म्हणाला, "हे तू त्यांच्यासाठी करतेस की स्वतःसाठी?" मी म्हटलं, स्वतःसाठी. त्यात लपवायचं काय.

लेकीचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड निघाला, आणि तो कोणाच्याच सल्ल्यात नव्हता. बोटीवर मुलांसाठी क्लब असतात. ते सतरापर्यंत. बारा ते चौदा एक गट, पंधरा ते सतरा एक गट, धाकट्याची सोय झकास. अठरा पूर्ण झाली की दार बंद. आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीवर दारू एकवीसला. कॅसिनोत कुठं अठरा, कुठं एकवीस. स्वतंत्र खोली घ्यायची तर खोलीत एकवीसच्या वरचं माणूस हवं, किंवा आईबाप शेजारीच हवेत. म्हणजे माझी मुलगी नोव्हेंबरात मत देऊ शकते, पण धाकट्या भावाबरोबर एक खोली घ्यायची तर कागदावर मी तिच्या खोलीत राहते असं दिसावं लागतं. डिस्नेच्या बोटींवर अठरा ते वीसच्या मुलांसाठी वेगळा गट असतो, कोणाला तरी सुचलं म्हणायचं. पण डिस्नेचा दर ऐकून आम्ही मिकीला लांबूनच नमस्कार केला.

ती स्वतः यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे मी कुठेच बसत नाही." हसत म्हणाली. पण मला ते वाक्य आठवडाभर टोचत राहिलं. तिच्या मैत्रिणी गावात राहणार होत्या, ही आमच्याबरोबर बोटीवर, आणि तिथं तिच्या वयाचं असं काहीच नाही. मी विचारलं, तुला यायचंय का खरंच? नाही म्हणालीस तरी चालेल. ती म्हणाली, "येते, पण मला रोज कुठं आहेस विचारू नका." म्हणजे आम्ही दोघी न ठरवता एकाच अटीवर आलो होतो.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: मोठ्या मुलांबरोबर पहिली क्रूझ निवडताना बोटीवर काय काय आहे याची यादी करत बसू नका. मुलांनी एकट्यानं कुठं जायचं ते बघा. बोटीवर आणि बोट जिथं लागते तिथंही. नुसत्या खाजगी किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटी छान असतात, पण तिथं सोळा वर्षांच्या मुलाला 'जा, फिरून ये' म्हणण्यात अर्थ नसतो, जायला कुठं आहे? बर्म्युडात आहे. जेमतेम चोपन्न चौरस किलोमीटरचं बेट, गुलाबी बस, धक्क्यावरूनच सुटणाऱ्या फेरीबोटी, इंग्रजी बोलणारी माणसं, अमेरिकन डॉलर चालतो. पर्यटकांना साधी मोटार भाड्यानं मिळतच नाही, त्यामुळे 'बाबा, गाडी चालवू दे' हा वाद मुळातच बाद. स्कूटर अठराला मिळते, आणि तिथं वाहनं आपल्यासारखी डावीकडून. लेकीनं विचारलं, मी नाही म्हटलं. तेवढं एक नाही मी केलं.

खोल्यांचं सांगते, कारण सगळे विचारतात. आम्ही दोन आतल्या खोल्या घेतल्या, खिडकी नसलेल्या, मधल्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी. तिथं हलतं कमी आणि पैसेही कमी. एकात चौघं राहता आलं असतं, छतातून दोन पलंग खाली येतात. स्वस्तही पडतं. पण खोली असते साधारण एकशे साठ ते एकशे ऐंशी चौरस फूट. बीडीडी चाळीतली खोली एकशे साठची होती आणि त्यात आख्खी खटली राहिली, हे मला माहीत आहे, माझे मामा त्यातच वाढले. पण त्यांना गॅलरी होती, आणि रागावलं की जाऊन उभं राहायला जिना होता. बाल्कनीचे पैसे वाचवून दुसरी खोली घ्या. मोठ्या मुलांच्या घरात समुद्र दिसण्यापेक्षा दार लावता येणं जास्त गरजेचं.

पैशाचं आणखी एक. जाहिरातीतला आकडा बघून हुरळू नका. त्यावर बंदराचे कर येतात, आणि बक्षिशी, जी आता बहुतेक कंपन्यांत माणशी रोज सोळा ते वीस डॉलरच्या घरात आहे. अठरा धरली तरी चौघांचे पाच रात्रींचे तीनशे साठ. इंटरनेट वेगळं, सोडा वेगळा. आणि बऱ्याच कंपन्यांत एका मोठ्यानं दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या दुसऱ्या मोठ्यालाही घ्यावंच लागतं. आम्ही इंटरनेट एकाच फोनला घेतलं. कोणाच्या, ते सांगायला नको. सोळा वर्षांचा मुलगा घरातला सर्वात लायक वाटाघाटी करणारा असतो.

अजून एक, आणि हे मात्र गमतीत घेऊ नका. तुमच्यापैकी जे एच-वनवर आहेत आणि ज्यांच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, त्यांनी बेटांच्या क्रूझला निघण्याआधी वकिलाला विचारा. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची जी सवलत आहे ती बेटांसाठी एच-वनवाल्यांना लागू नाही, ती विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाल्यांना आहे. बोट जिथून सुटली तिथंच परत येते म्हणून आपण देशाबाहेर गेलोच नाही असं वाटतं, पण बाहेर गेलेलो असतो.

आता प्रत्यक्ष काय झालं?

पहिल्या दिवशी दोघंही गायब. आठला टेबलावर हजर. आमचा वाढपी वेंगुर्ल्याचा निघाला. बोटींवर गोव्याची, कोकणातली मुलं असतात हे ऐकून होते, पण छातीवरच्या बिल्ल्यावर 'इंडिया' वाचून नवऱ्यानं चाचरत विचारलं आणि समोरून "तुम्ही मालवणचे?" असं आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. सात महिन्यांचा करार, घरी दोन वर्षांची मुलगी. ठरलेलं टेबल म्हणून तोच रोज भेटला. मोकळं जेवण घेतलं असतं तर एकदा भेटला असता, किंवा नसताही. दुसऱ्या रात्री त्यानं आतून डाळ-भात आणला, न मागता. मला घास गिळताना थोडं कसंसंच झालं. आपल्याच मुलखातला माणूस उभा, आपण बसलेलो. नंतर लेक मला म्हणाली, "आई, तो मला 'ताई' म्हणतो आणि मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आहे." मी म्हटलं, मग तूही त्याला दादा म्हण. तिनं म्हटलं. त्यानं काही सुटलं का? नाही. पण तिनं शेवटच्या दिवशी स्वतःच्या पैशातून पाकीट दिलं, किती ते मला सांगितलं नाही.

शेवटच्या रात्रीच्या आदली रात्र सूट-बुटाची होती. आम्ही सरळ गेलो कुडत्यांवर आणि कोणी हुं की चूं केलं नाही. जाऊबाईंनी पैठणी ने म्हणून बजावलं होतं, ती न नेल्याबद्दल त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

तीही गोष्ट सांगायला हवी. बर्म्युडातल्या दुसऱ्या दिवशी दोघं भावंडं सकाळीच सेंट जॉर्जला गेली, एकटी. १६१२ सालचं गाव, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बोटीवर साडेतीनच्या आत यायचं. बोट थांबत नाही, हे सर्वांना माहीत असतं. आम्ही दोघं किनाऱ्यावर जाऊन आलो, तिथली घरं बघितली. सगळ्यांची छपरं पांढरीशुभ्र आणि पायऱ्यांची, कारण बेटावर नदी नाही, पावसाचं पाणी छपरावरून टाकीत उतरतं आणि तेच प्यायचं. कोकणात एवढा पाऊस पडून मे महिन्यात टॅंकर, असं म्हणत नवरा पंधरा मिनिटं बोलला. अडीचला तो बोलायचा थांबला. तीन वाजता आम्ही धक्क्याच्या फाटकापाशी उभे. मी फोन केला नाही. कबूल केलं होतं ना. करून उपयोगही नव्हता, तिच्या फोनला तिथं काही नव्हतं. तीन वाजून पाच. नवरा म्हणाला, "आईचे वडील पण असेच उभे राहायचे म्हणे, मालवणला, पडाव दिसेपर्यंत." मी म्हटलं, आत्ता नको हे.

तीन वाजून बारा मिनिटांनी दोघं आली. पळत नाही, चालत. धाकट्याच्या हातात आइस्क्रीम. फेरीबोट चुकली म्हणून बसनं हॅमिल्टन, तिथून दुसरी फेरी. लेकीनं सगळं आधीच काढून ठेवलं होतं, एक चुकली तर दुसरी कुठली, दुसरी चुकली तर टॅक्सीला किती. पाकिटात टॅक्सीचे पैसे वेगळे काढलेले. मला बघून म्हणाली, "तुम्ही इथं काय करताय?"

"हवा खातोय," नवरा म्हणाला.

रात्री आठला टेबलावर धाकट्यानं सगळी हकिगत सांगितली, हात हलवून हलवून. बहिणीनं रस्त्यात एका आजीला बसचं तिकीट काढून दिलं, गावात एका माणसाशी त्यानं क्रिकेटवर वाद घातला. ती मध्येमध्ये त्याला दुरुस्त करत होती. गेल्या दोन वर्षांत मी या दोघांना सलग एक तास एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. त्या तासात मी फारसं बोलले नाही.

परत आल्यावर मालवणला फोन केला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डाळ-भात, वेंगुर्ल्याचा मुलगा (त्याचं आडनाव विचारून त्यांनी घराणं शोधायचा प्रयत्न केला), पांढरी छपरं. मग विचारलं, "वांती जाली काय कोणाक?"

"नाही आई, कोणालाच नाही."

"मगे ती कसली बोट!"